बोरटेकपर्यंतचा रस्ता

डाव्या कालव्याच्या काठानं जाणारा रस्ता आवर्तनानं सुटतो, आणि बोरटेक हे अगदी शेवटचं गाव असल्यामुळे तिथं तो क्वचितच पोचतो. कालव्याला पाणी बारमाही असतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. रस्त्याचं तसं नाही. धरणाजवळ दरवाजे उघडून तो सोडला की आधी कारखान्याकडची गावं मन भरेस्तोवर घेतात. मग तो दगडी जलसेतूवरून पुढं सरकतो, दीपमाळेच्या देवळाला वळसा घालतो, सरदारांच्या समाधीवरच्या छत्रीपाशी निम्मा होतो आणि जुन्या बारवेकडं येईतो इतका बारीक होतो, की बैलगाडीचं एक चाक त्यावर मावतं, दुसरं नाही.

रस्ता बंद असताना चालायला कुणाची ना नसते. पोचत मात्र नाही कुणी. गावातले गुरुजी एकदा उन्हाळ्यात तालुक्याला म्हणून निघाले, दिवसभर चालले आणि दिवेलागणीला स्वतःच्याच गोठ्यात मागच्या बाजूनं शिरले. म्हशीनं ओळखलं म्हणून बरं.

याच बोरटेकात शालनकाकी राहते. सातवी झालेली, पन्नाशीच्या पुढची, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय हे फोडणीच्या वासावरून सांगणारी बाई. मुलगा पुण्याला, मालक दिवसभर रानात. मागं एका चांगल्या आवर्तनात रस्ता तिच्या दारापर्यंत आला होता, तेव्हा तिनं बाजेएवढा डांबरी तुकडा कापून दारात ठेवून घेतला. त्यावर पाट टाकून ती तांदूळ निवडत बसायची. "दारात रस्ता असला की माणूस येतंच," असं तिचं म्हणणं. येत कुणी नव्हतं. पण तिथं बसलं की आख्खी आळी दिसायची, आणि ज्याला त्याला "काय, कुठं निघालात?" विचारता यायचं.

शेजारच्या हिंदुराव खोमण्यांची केसर ही या काकीच्या अंगाखांद्यावर वाढलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून तिची वेणीसुद्धा काकीच घालायची. आता ती गावच्या बालवाडीत शिकवत होती आणि तिशीला टेकली होती. मुलगी नाकीडोळी नीटस, बोलायला चुणचुणीत, पण दोन स्थळं रस्त्यातच आटली. पहिलं जीपमधून निघालं आणि जलसेतूवरूनच माघारी फिरलं. दुसरं छत्रीपर्यंत आलं. रस्ता संपला म्हणून तिथल्याच गावात चहाला थांबलं, आणि त्याच घरची मुलगी पसंत करून मोकळं झालं. हिंदुरावांनी त्या दिवशी केलेला शिरा तीन घरांना पुरला. पण त्या दिवसापासून केसरनं नवी साडी घडी करून ठेवली ती ठेवलीच.

तिसरं स्थळ आलं तेव्हा काकीनं पहिला प्रश्न विचारला, "येणार कशावरून?"

"सायकलवरून," हिंदुराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. "कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. सुहास काकडे नाव. सुट्टीच्या दिवशी कालव्याच्या काठानं सायकल हाणतो, जुन्या वास्तू बघत. छंद आहे म्हणे."

"अहो भाऊजी, तोंड काय पाडताय? सायकलीला रस्ता किती लागतो? वीतभर! जीपवाल्यांचं सोडा, हा येईल."

त्या रात्री सुहासचा फोन आला तेव्हा काकी सामाईक भिंतीपाशी पुदिन्याला पाणी घालत होती. पुदिना तिनं मुद्दाम तिथंच लावला होता.

"माझी एवढी एक बारवच बघायची राहिलीय," सुहास सांगत होता. "बाकी सगळा मार्ग झाला. दर वेळी रस्ता छत्रीपाशी संपतो."

"म्हणजे तुम्ही मला बघायला येणार की बारवेला?" केसर म्हणाली.

"बारव तुमच्या वाटेवर आहे," तो म्हणाला. "आधी ती लागेल, एवढंच."

केसर हसली. दुसऱ्या स्थळानंतर ती पहिल्यांदा हसली, हे काकीनं भिंतीपलीकडून ऐकलं आणि भांडंभर पाणी पुदिन्यावर ओतून टाकलं.

रविवारी पहाटे रस्ता सुटला. दरवाजे उघडणारे गुलाबभाई काकीच्या ओळखीचे, त्यांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, सोडलाय. संध्याकाळी बंद करायचा हुकूम आहे. वरच्यांनी फार ओढला नाही, तर तुमच्यापर्यंत येतोय."

मग सुहासचे फोन येत गेले. जलसेतूवर पोचला. कमानी मोजत बसू नका, म्हणून केसरनं त्याला दटावलं. दीपमाळ ओलांडली. छत्रीपाशी रस्ता हातभर उरला होता, तरी तो थांबला नाही. त्याच गावातून चहाचं बोलावणं आलं, तेही त्यानं नाकारलं. हे ऐकून हिंदुरावांनी शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला आणि केसरनं ठेवलेल्या नव्या साडीची घडी मोडली.

मग फोन आला तो बारवेपासून. "केसर, रस्ता संपलाय."

गावाच्या वेशीतून बारव दिसते. सगळे वेशीत जमले. निळा शर्ट घातलेला, डोक्यावर सायकलवाल्यांचं शिरस्त्राण असलेला माणूस तिथं उभा होता. त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि मोकळ्या माळावरून गावाकडं चालायला लागला. बराच वेळ चालला. मग परत बारवेच्या पायरीवर पोचला.

"भला माणूस आहे," गुरुजी म्हणाले. "प्रयत्न तरी केला."

"रवा काढू का उतरून?" हिंदुरावांनी विचारलं. केसर आत जाऊन साडी बदलायला लागणार, हे काकीला तिच्या खांद्यांवरून कळलं.

"पाऊल उचलू नको तिथनं," काकी तिला म्हणाली आणि तिनं कालव्याच्या शाखा कार्यालयाला फोन लावला. रविवार असूनही साहेब होते. आवर्तन चालू असताना त्यांना रजा नसते.

"साहेब, रस्ता बारवेपाशी थांबलाय."

"नाही. तो बोरटेकला पोचलेला आहे, असं माझ्यासमोर लिहिलंय."

"मी बोरटेकच्या वेशीतनंच बोलतेय. इथं नाही आला."

"मग लेखी तक्रार घेऊन समक्ष या."

"कशावरनं येऊ?"

साहेबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हा मुद्दा याआधीही आलेला आहे," ते म्हणाले. "आम्ही तो वर कळवलाय."

काकीनं फोन ठेवला, पदर खोचला आणि वेशीतल्या लोकांकडं एकेक करून बघितलं. लोक चुळबुळायला लागले. कारण प्रत्येक चांगल्या आवर्तनात बोरटेकात ज्यानं त्यानं थोडाथोडा रस्ता कापून घरात ठेवला होता, ओल्या गोणपाटाखाली, सावलीला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि काकीला सगळं माहीत होतं.

"द्रौपदाबाई, कडब्याच्या गंजीखाली काय झाकलंय?"

"शेण्या."

"शेण्यांना मधोमध पांढरा पट्टा असतो होय?"

द्रौपदाबाई लाजली. "लेकीच्या बाळंतपणाला लागेल म्हणून ठेवला होता गं."

"तेव्हाचं तेव्हा बघू. काढ. आप्पा, तुमचा?"

आप्पा माजी सरपंच. "माझ्याकडं फक्त गतिरोधक आहे," ते ताठ मानेनं म्हणाले. "सरपंच असताना दारापुढं घातला होता. रस्ता गेला, तेवढाच राहिला."

"तोही आणा."

"पाहुणा आपटेल ना त्यावर!"

"आपटू दे. जरा हळू येईल. पोरीला नीट बघता तरी येईल."

लोक हसले, आणि हसल्यावर कामाला लागले. रस्ता गुंडाळून नेता येत नाही, तडा जातो. दोघांनी दोन टोकांना धरून परातीसारखा आडवा न्यावा लागतो. वेशीपासून सुरुवात केली. एक तुकडा घालायचा, त्यावर उभं राहून पुढचा घालायचा. नुसत्या मातीवर पाय पडला, तर तुकड्यासकट गोठ्यात पोचण्याची भीती. कुणाचा डांबरी निघाला, कुणाचा मुरमाड, कुणाच्या तुकड्यावर मैलाचा दगड होता आणि त्यावर भलत्याच गावाचं नाव.

गुरुजींच्या तुकड्यात वळण निघालं.

"शाळेपुढचं आहे," ते म्हणाले. "मला आवडायचं ते."

वळण घातलं आणि रस्ता सरळ कालव्याकडं निघाला. सगळे थांबले. ऊन चढत होतं, डांबर मऊ व्हायला लागलं होतं. बारवेपाशी सुहास तळहातानं कपाळावर सावली धरून बघत होता.

"उलट्या हाताचं वळण पाहिजे," आप्पा म्हणाले. "ते कुठनं आणायचं?"

"जना कुंभारणीच्या भट्टीमागं आहे," काकी म्हणाली. "गाडगी वाळत घालते ती त्यावर."

जना कुंभारीण बघतच राहिली. "तू भट्टीमागं कधी आली होतीस गं?"

"मीठ मागायला."

"भट्टीमागं मीठ?"

"आण गं बाई आता, भांडू नंतर."

वळणाला वळण लागलं आणि रस्ता पुन्हा बारवेकडं तोंड करून उभा राहिला. घराघरातलं सगळं निघालं. आणि शेवटी बाजेएवढी जागा उरली. पलीकडं सुहास, अलीकडं बोरटेक. त्याच्या शर्टाची गुंडी तुटलेली दिसत होती, इतका तो जवळ होता. त्यानं सहज हात पुढं केला, तर हात काही इकडं पोचला नाही.

कुणी काकीकडं बघितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं की बाजेएवढा तुकडा कुणाच्या दारात आहे. आळीची वाट बाकीच्यांच्या दाराशी होती, तिच्या दाराशी हा तुकडाच; तो गेला की तिच्या दारापुढं रस्ता उरणार नव्हता. मग ती आली काय, गेली काय, घरातल्या घरातच पोचणार.

काकीनं तोंडावरचा घाम पुसला. "नुसते उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "मी बाहेर निघाले की मग उचला. आणि त्यावर माझे तांदूळ आहेत, ते सांडू नका."

ती आधी घरी गेली, चूल विझवली, किल्ली कमरेला लावली आणि दाराबाहेर येऊन केसरच्या ओसरीवर जाऊन बसली. मग तुकडा उचलला.

बारवेपाशी तो जागेवर बसला तेव्हा काहीच आवाज झाला नाही. सुहासनं सायकलवर टांग टाकली. गतिरोधकावर आपटला, दोन्ही वळणं नीट घेतली, भलत्या गावाचा मैलाचा दगड वाचून जरा गोंधळला आणि वेशीतून आत आला. हिंदुरावांनी इतका मोठा श्वास सोडला, की हातातल्या परातीतला रवा उडाला.

केसर साडी न बदलता दारात उभी होती. "बारव बघितली?" तिनं विचारलं.

"बघितली," सुहास म्हणाला. "पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेलो. चांगली आहे. पण तिथनं हे गाव जास्त चांगलं दिसत होतं."

"बसा," ती म्हणाली. "शिरा होतोच आहे."

बोलणी झाली, सुपारी फुटली, दोघं जण बारव नीट बघायला म्हणून गेले. सुहासला ती केसरकडून समजून घ्यायची होती. बारवेच्या देवळ्या, त्यातली शिल्पं, पाण्यातली कासवं, असं बघता बघता ऊन उतरलं, आणि गुलाबभाईंनी हुकमाप्रमाणे दरवाजे बंद केले. बारवेपलीकडचा रस्ता आटला. अलीकडचा मात्र आटला नाही. तो आवर्तनाचा नव्हताच, गावाचा होता.

सुहासनं कारखान्याला फोन केला. रस्ता आटल्याचं सांगितल्यावर त्यांनी पुढच्या आवर्तनापर्यंत रजा मंजूर केली. तशी तरतूद आहे. आता लग्नाआधी मुलीच्या घरी राहणं बरं दिसत नाही, तेव्हा त्यानं कुठं राहावं, असा प्रश्न आला.

"माझ्याकडं," काकी म्हणाली. हा प्रश्न निघायची ती दुपारपासून वाट बघत होती.

काकीच्या दारात रस्ता नाही, म्हणून हिंदुरावांनी सामाईक भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पाडून दिलं. पुदिना जरा तुडवला गेला. आता काकीला कुठंही जायचं तर केसरच्या ओसरीवरूनच जावं लागतं. आणि केसरच्या घरात जे काही बोललं जातं, त्यासाठी काकीला भिंतीपाशी उभं राहावं लागत नाही.

रोज सकाळी सुहास भगदाडातून सायकल काढतो, केसर बालवाडीत जाण्याआधी तिची सायकल काढते आणि दोघं बारवेपर्यंत जाऊन येतात. काकी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असते. सायकलची घंटी वाजली की ती मान वर करत नाही.

"आलात का?"

"पोचलो, काकी."

"मग हात धुवा," काकी म्हणते आणि सुपातला खडा उचलून टाकते.