चिमणीचं सिंहावलोकन

"नीट वाच. काय लिहिलंय?" बाबांनी शिवणयंत्र थांबवून विचारलं.

चिमणीने फोनवर काढलेला नोटिशीचा फोटो पुन्हा वाचला. "सोमवारी सकाळी पहिल्या सत्राचे सिंहावलोकन. प्रत्येकी दहा मिनिटे. सर्वांची उपस्थिती आवश्यक."

चिमणी हे तिचं घरातलं नाव. प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात जाऊनही ते सुटलं नव्हतं. पहिलं सत्र नुकतंच संपलं होतं आणि ते कसं संपलं, हे तिला कुणी न विचारलेलंच बरं होतं. पहिल्याच प्रात्यक्षिकात तिचं गांडूळ टेबलावरून पळालं होतं. गांडूळ पळू शकतं, हे विभागालाही तेव्हाच कळलं. शेवटी विभागप्रमुख सरांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं होतं, "पुढच्या सत्रात तुला ठेवायचं की नाही, ते सिंहावलोकनानंतर ठरवू."

"पण सिंहावलोकन म्हणजे काय?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

बाबा शिंपी होते. त्यांनी शब्दालाही कात्री लावली. "सोपं आहे. मधोमध काप. सिंह आणि अवलोकन. अवलोकन म्हणजे बघणं. सिंह बघायचा."

"पण 'पहिल्या सत्राचे' असं लिहिलंय, बाबा."

"म्हणजे पहिल्या सत्राच्या मुलांनी बघायचा सिंह. दुसऱ्या सत्राला वाघ असेल. पायरीपायरीनेच शिकवतात."

आई हात पुसत बाहेर आली. ती दवाखान्यात परिचारिका होती. "एकेकट्याने दहा मिनिटं? सिंहासमोर? वर्गात कुणी काही विचारलं नाही?"

"सरांनी 'कळलं ना?' विचारलं. सगळ्यांनी मान हलवली."

"आणि तू?"

"मीपण."

"मग आता फोन लाव आणि विचार."

चिमणीने धीर गोळा करून फोन लावला. सर खुशीत होते.

"सर, सोमवारचं सिंहावलोकन... ते लांबून करायचं की जवळून?"

"अगदी जवळून! लांबून सगळंच गोड दिसतं."

"आणि एकटीनेच?"

"अर्थात. ज्याचं त्याने करायचं."

"सर, मागच्या वर्षी सगळे... नीट घरी गेले ना?"

"एक मुलगा मध्येच अडखळला. बाकीच्यांनी सांभाळून घेतलं त्याला. दोघी रडल्या. अगं, इतके महिने आत कोंडलेलं असतं, ते एकदम बाहेर येतं!"

चिमणीने फोन ठेवला. "इतके महिने कोंडलेला आहे," ती म्हणाली, "आणि आता बाहेर काढणार आहेत."

"नाहीच जायचं!" आई म्हणाली.

"नाही गेले तर काढून टाकतील गं."

मग घर कामाला लागलं. बाबांनी जाड कॅनव्हासचं दुहेरी अस्तराचं जाकीट शिवलं. "दात लागला तरी टाका उसवणार नाही," ते म्हणाले. आईने रविवारीच तिला धनुर्वाताचं इंजेक्शन टोचलं. "गंजक्या खिळ्याला चालतं, तसं दातालाही चालेल."

सोमवारी चिमणी विभागात पोचली, तेव्हा दंड सुजलेला होता आणि जाकिटामुळे हात खाली येत नव्हते. सोबत बाबा होते. त्यांच्या हातात कापड मोजायचा लाकडी गज होता. तो त्यांनी दाराबाहेर सावधपणे पेलून धरला.

आत खुर्च्या गोल मांडल्या होत्या. मुलं इस्त्रीचे कपडे घालून, हातात कागद घेऊन बसली होती. कोपऱ्यात चहा होता. पिंजरा नव्हता.

"ये, तूच सुरुवात कर," सर म्हणाले. "पण हे काय घातलंयस?"

"सर, सिंह कुठे आहे?"

सगळा वर्ग हसला. सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. पण ते शिक्षक होते, हसून झाल्यावर समजावायला बसले. "अगं, सिंह चालता चालता थांबतो आणि आलेल्या वाटेकडे मागे वळून बघतो, असं म्हणतात. त्यावरून तो शब्द आला. आपणही सत्र संपल्यावर मागे वळून बघायचं. कुठे चुकलो, काय शिकलो. बोल आता."

चिमणीकडे कागद नव्हता. घाम मात्र भरपूर होता.

"सर, मी सगळं सत्र मान हलवली," ती म्हणाली. "तुम्ही 'कळलं ना?' म्हणालात की मी हलवायची. गांडुळाचं तोंड कुठल्या बाजूला असतं, ते मला अजून कळलेलं नाही. मी त्याला उलटं धरलं होतं, म्हणून ते निसटलं. परवा तुम्हाला फोन केला, तेव्हाही लांबून की जवळून, एकटीने की कसं, सगळं विचारलं. शब्दाचा अर्थ तेवढा विचारला नाही. लाज वाटली."

कुणी हसलं नाही. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "तोंड मलापण माहीत नाही."

"मलापण," दुसरीकडून आवाज आला.

मग वर्गात पहिला येणारा मुलगा हळूच उभा राहिला. त्याने पाय पुढे केला. इस्त्रीच्या विजारीखाली धावायचे बूट होते. "मीही सिंहच समजलो होतो," तो म्हणाला. "इथे खुर्च्या बघितल्या आणि गप्प बसलो. हा कागद कोरा आहे."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "म्हणजे सत्रभर मीही हलत्या मानांना शिकवत होतो." त्यांनी फळ्यावर एक लांबलचक गांडूळ काढलं, खडू चिमणीच्या हातात दिला आणि तोंड दाखवून म्हणाले, "इथे खूण कर. दुसऱ्या सत्राला यायचं आणि रोज एक तरी प्रश्न विचारायचा. नाही विचारलास, तर मात्र काढून टाकीन."

चिमणी बाहेर आली, तेव्हा बाबांनी गज आणखी घट्ट धरला होता. "दिसला?"

"दिसला."

"कसा होता गं?"

"माझ्याइतकाच घाबरट होता," ती म्हणाली आणि जाकिटाची बटणं सोडून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

सुट्टी संपता संपता नवी नोटीस आली. 'दुसऱ्या सत्राचा आरंभ : अभ्यासक्रमाचे विहंगावलोकन.'

"विहंग म्हणजे पक्षी," बाबांनी लगेच शब्द कापला. गळ्यातली टेप काढून ते उठले. "हात पसर. पंखांचं माप घेतो."

"थांबा, बाबा. आधी विचारते." तिने फोन लावला. "सर, विहंगावलोकन म्हणजे काय?"

"शाबास!" सर इतक्या मोठ्याने म्हणाले की आईलाही ऐकू गेलं. "उंचावरून, पक्ष्यासारखं सगळं एका नजरेत बघणं."

चिमणीने बाबांकडे बघितलं. टेप तिच्या दंडापर्यंत पोचली होती.

"मग मी वेगळं काय म्हणत होतो?" बाबा म्हणाले. "हात सरळ ठेव."