उभ्याने प्रवास करणारी वांगी

मुळ्याचे बी दाट उगवले तर त्यातील काही रोपे उपटून उरलेल्यांना जागा करून द्यावी लागते. हे तत्त्व सर्व जगाला मान्य आहे, माझे शेजारी गफूरभाई यांना नाही. ते रोज सकाळी वाफ्याच्या तोंडाशी उभे राहतात आणि खेटून उगवलेल्या मुळ्यांना खणखणीत आवाजात सांगतात, "सरका पुढं, सरका! मधात लई जागा हाय. दरवाजात गर्दी करू नका."

मुळे सरकत नाहीत. गफूरभाईंचा त्यांच्यावरचा विश्वासही ढळत नाही.

गफूरभाई आयुष्यभर एसटीत वाहक होते. कनेरगाव नाका, साखरा आणि सेनगावच्या आसपासची सगळी खेडी त्यांनी पाठीमागच्या दाराजवळ उभे राहून पाहिली. मी दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो. सेनगावात आमची घरे एकाच वसाहतीत आहेत, परंतु आमची खरी ओळख झाली ती भाजीच्या वाफ्यांवर.

वसाहतीच्या मागे आराखड्यात दाखवलेली एक खुली जागा आहे. तिच्यावर अनेक वर्षे बाभळी, खडीचे ढीग आणि आसपासच्या सुशिक्षित कुटुंबांनी फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या यांचा बेकायदेशीर ताबा होता. मी अर्ज केले. अर्जांवर स्मरणपत्रे पाठवली. स्मरणपत्रांना पोच मिळेना, तेव्हा पोच का मिळत नाही याबद्दल स्वतंत्र पत्र लिहिले. शेवटी एक दिवस जेसीबी आले, जागा मोकळी झाली आणि रहिवाशांनी ती वाफ्यांमध्ये वाटून घेतली. या वाफ्यांसाठी रहिवाशांची समिती आहे, तिचा चिटणीस मी आहे आणि नियमावलीही मी स्वतः लिहिली आहे. तिच्यात अठरा कलमे आहेत आणि एकही निरर्थक नाही. माझा वाफा गफूरभाईंच्या वाफ्याला लागून आला, ही बाब मात्र कोणत्याही कलमाने टाळता आली नाही.

पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांना तोंडी समज दिली.

"गफूरभाई, निम्मी रोपे उपटा."

"उपटून कुठं टाकू, नाझरसाहेब?"

"खड्ड्यात. खत होईल."

"तिकीट काढलेला माणूस हाय साहेब. अर्ध्या रस्त्यात कसं उतरवू?"

"कोणते तिकीट?"

"उगवलं ना? मंग. तेच तिकीट."

बियाण्याचे पाकीट विकत घेतल्याने रोपाच्या बाजूने कोणताही करार अस्तित्वात येत नाही, हे मी त्यांना सविस्तर समजावले. त्यांनी ते आदराने ऐकून घेतले, "बराबर हाय," असे म्हणाले, आणि सगळ्या रोपांना सारखे पाणी दिले. "बराबर हाय" याचा त्यांच्या बोलीतील अर्थ "तुमचे बोलणे संपले असल्यास मी कामाला लागतो" एवढाच आहे, हे मला पुढे कळले.

त्या वर्षी त्यांचे मुळे उंदराच्या शेपटीएवढे झाले. त्यांच्या जुड्या बांधून त्यांनी त्या घरोघर वाटल्या. आमच्या सौभाग्यवतींनी पाल्याची भाजी केली. ती उत्तम झाली होती, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

बागेतील प्रत्येक अडचणीकडे गफूरभाई एसटीच्या दृष्टीने पाहतात. टोमॅटो पिकायला उशीर झाला तर, "लेट हाय, पन रद्द न्हाई." दुधीच्या कोवळ्या फळाला फळमाशी डंख मारू लागली, तेव्हा त्यांनी जुन्या लुंगीच्या पिशव्या शिवून प्रत्येक फळाला एकेक चढवली आणि मला सांगितले, "खिडकीची सीट हाय, काच लावून घेतली." वानरांची टोळी येते म्हणून दोन खांबांमध्ये दोरी ताणून तिला घंटी टांगली. एका टोल्याला थांबायचे आणि दोन टोल्यांना निघायचे, ही शिस्त वानरांनी काही मान्य केली नाही. ती घंटीच्या दोरीवर बसून शांतपणे वाल खात असत.

मावा या चिकट किडीच्या बाबतीत तर गफूरभाई कडक तपासनीस होतात. सकाळी ओल्या फडक्याने पानाची खालची बाजू पुसत एकेका झाडावरून फिरतात. "तिकीट? न्हाई? उतर खाली!" मुंग्या दिसल्या की विशेष राग. "हे एजंट लोक. हेच फुकटे बसवून राहिले गाडीत." शास्त्रदृष्ट्या यात तथ्य आहे. मुंग्या माव्याला जपतात. परंतु झाडांची दाटी कायम ठेवून मावा पुसत बसणे म्हणजे दार उघडे टाकून घरातल्या माश्या मारण्यासारखे आहे, हे मी त्यांना तोंडी सांगितले आणि लेखीही कळवले.

यंदा गोष्ट हाताबाहेर गेली. दिवाळीनंतर त्यांनी वांगी, मिरची आणि कोबी यांचे बी वाफाभर विस्कटले. ते सगळेच्या सगळे उगवले. रोपे इतकी दाट झाली की खालची माती दिसेना. ती उजेडासाठी माना उंच करून, खांद्याला खांदा लावून उभी होती. वारा शिरायला वाव नाही म्हटल्यावर मावा आला, आणि गफूरभाईंकडे बसायला जागा नसल्यामुळे तो माझ्या वालावर आला.

मी संतापलो. अशा वेळी माणसे ओरडतात. मी नोटीस लिहितो. कलम सात अन्वये दाटी आणि रोगराईमुळे शेजाऱ्यास उपद्रव देणारा वाफा रविवारच्या पाहणीपर्यंत दुरुस्त न झाल्यास काढून घेऊन अन्य रहिवाशास देण्यात येईल, असे मी त्यांना कळवले. अन्य रहिवासीही तयारच होते. वसाहतीत नव्याने आलेल्या इंगळे गुरुजींचा अर्ज समितीकडे पडून होता, आणि गुरुजी रोज संध्याकाळी गफूरभाईंच्या वाफ्याच्या कडेने, नवरी पाहायला आल्यासारखे, फेरी मारून जात.

नोटीस घेऊन मी स्वतः गेलो, तेव्हा गफूरभाई बांधावर बसून फोनवर बोलत होते. त्यांचा मुलगा संभाजीनगरला नोकरीस आहे. तो त्यांना कायमचे तिकडे बोलावतो. गफूरभाईंच्या पत्नी वारल्या, त्याला काही वर्षे झाली. घरात ते एकटेच असतात.

"न्हाई रे बेटा, आत्ता कसं येऊ? मिरची उगवून राहिली... व्हय, वांगे बी... अरे, माझ्या नावावर वाफा हाय इथं. जबाबदारी असते का न्हाई?"

फोन ठेवून त्यांनी माझी नोटीस वाचली. दोनदा वाचली. एरवी माझ्या पत्रांवर ते काही ना काही विनोद करतात. त्या दिवशी केला नाही.

"साहेब, हा वाफा गेला तर पोराला काय सांगू? न येण्याचं दुसरं कारनच न्हाई माझ्यापाशी."

"मग रोपे उपटा."

"उपटतो," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "पन खड्ड्यात न्हाई टाकनार."

शनिवारी सकाळी मी पाहिले तर त्यांचा वाफा ओळखू येईना. रोपारोपांत हातहातभर अंतर, मध्ये भुसभुशीत माती. मी खताच्या खड्ड्यात डोकावलो. खड्डा रिकामा होता. उपटलेली रोपे गेली कुठे? खुल्या जागेत दुसरीकडे लावली असतील, तर ते अतिक्रमण ठरते. तेवढ्यात डोक्यावर भाजीचा क्रेट घेऊन गफूरभाई फाटकातून बाहेर पडताना दिसले. मी त्यांना हटकले. क्रेटमध्ये ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रोपांच्या जुड्या होत्या.

"हे कुठे चालले?"

"आपापल्या गावाला. चला ना साहेब, तुमीच पाहा. पंचनामा करा."

मी गेलो. संशय घेतल्यावर तो तडीस नेणे, हे मी कर्तव्य मानतो.

साखऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत वाहक म्हणून एक तरुण मुलगी होती. क्रेट पाहून ती म्हणाली, "चाचा, सामानाचं तिकीट लागंन बरं का."

"लाव बेटी, हाफ लाव. लेकरं हायेत."

"रोपट्यांना हाफ नसते, चाचा."

"बरोब्बर! लई चांगली शिकलीस," असे म्हणून त्यांनी पूर्ण तिकीट घेतले आणि तिच्याकडे अशा कौतुकाने पाहिले, की जणू ती त्यांचीच नात आहे.

पहिल्या फाट्यावर एक म्हातारी उभी होती. गाडी थांबताच ती दाराशी आली. "काहून हो गफूरभाऊ, मेले का जिते हाये, कळू बी देत न्हाई!"

"जिता हाय माय. काल फोन केला नव्हता का मंग? हे धर. मिरची. ऊन उतरल्याबिगर लावू नको."

"अन् गुडघा कसा हाय तुमचा?"

"हाय जाग्यावर."

पुढच्या फाट्यावर मोटरसायकल लावून एक शेतकरी थांबला होता. त्याला वांगी. त्याच्या पुढच्या थांब्यावर शाळेच्या भिंतीपाशी दोन बायका, एकीला कोबी आणि दुसरीला "तिच्याहून जास्त" कोबी. कोणाच्या विहिरीला पाणी आहे, कोणाच्या अंगणात सावली पडते, कोणाची मिरची गेल्या वर्षी बोकड्या रोगाने आकसून गेली, हे सगळे गफूरभाईंना तोंडपाठ होते. जुडी देताना ते प्रत्येकाला एकच वाक्य सांगत, आणि ते प्रत्येकासाठी वेगळे असे. गाडीचा उशीर होत होता. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. मी करणार होतो, परंतु कोणाकडे करावी हे सुचले नाही.

साखऱ्याला क्रेटमध्ये एकच जुडी उरली. परतीच्या गाडीत गफूरभाई ती मांडीवर घेऊन खिडकीशी बसले.

"पोरगं चांगलं हाय साहेब. सूनबाई बी चांगली. काही तकलीफ न्हाई तिथं," ते एकाएकी म्हणाले. "पन मागं महिनाभर राहिलो ना, तवा लिफ्टमधी पाच-सहा माणसं खेटून उभे राहायचे. कोणी कोणाला पुढं सरका बी म्हनत न्हाई. मी एकदा म्हनलो. तर सगळे माझ्याकडं असे पाहून राहिले, की मी त्यांच्या खिशात हात घातला."

ते हसले. मीही हसलो. मग सेनगाव येईपर्यंत आम्ही दोघेही बाहेरची तूर पाहत बसलो.

रविवारी मी मोजपट्टी घेऊन रीतसर पाहणी केली. इंगळे गुरुजी साक्षीदार म्हणून हजर होते आणि चेहऱ्यावरून ते प्रतिवादीच्या विरोधात असल्याचे दिसत होते. अंतर नियमानुसार भरले. वाफा गफूरभाईंकडे कायम ठेवण्यात येत असल्याचे मी जाहीर केले. गुरुजींचा चेहरा पडला. तेव्हा गफूरभाईंनी ती उरलेली जुडी आणून त्यांच्या हातात ठेवली. "गुरुजी, अंगनात डब्यामधी लावा. वांगं लई समजदार असते. डब्यात बी येते." गुरुजींनी ती दोन्ही हातांनी घेतली.

एवढ्यात फोन वाजला. मुलाचा होता.

"हां बेटा... न्हाई रे... अरे, आत्ताच तर रोपं मोकळी केली... घर रिकामं करून? असं कसं रिकामं करता येईन?" त्यांचा आवाज उतरत चालला. शेवटी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "साहेब, तुमी सांगा याला. माझं ऐकत न्हाई."

मी फोन घेतला. पलीकडचा मुलगा नम्र होता. "काका, अब्बांना समजावा ना तुमी. एका वाफ्यासाठी एवढं काय अडलं?"

"वाफेदारास समितीच्या लेखी परवानगीवाचून आपले वास्तव्य अन्यत्र हलवता येत नाही," मी म्हणालो. "कलम एकोणीस."

"मग हंगाम झाल्यावर?"

"हंगाम एकामागून एक येतच असतात. तुम्ही सहकुटुंब इकडे यावे. त्यास कोणत्याही कलमाची आडकाठी नाही."

फोन बंद झाला. गुरुजी निघून गेले होते. गफूरभाई माझ्याकडे पाहत होते.

"साहेब, असा नियम खरंच हाय का?"

"संध्याकाळपर्यंत होईल," मी म्हणालो.

त्यांनी फोन खिशात ठेवला. मग माझ्याकडे पाठ करून, ज्या ओळीला नुकतेच पाणी दिले होते, तिलाच ते झारीने पुन्हा पाणी देत राहिले. बराच वेळ देत राहिले. जास्त पाण्याने वांग्याच्या कोवळ्या रोपांना मर रोग लागतो. त्या दिवशी मी हरकत नोंदवली नाही.