भिंतीपलीकडचं इंजिन

“पाच मिनिटं, वहिनी! घड्याळ लावून बघा. सहावं मिनिट लागलं तर मिशी काढीन!”

पान्याची मिशी अजून धड आलेली नव्हती, त्यामुळे पैज तशी सुरक्षित होती. पण आव असा की जणू गाडीचा शोध यानेच लावलाय! घरात काहीही बिघडलं की हा पाना घेऊन हजर, म्हणून सगळे त्याला पान्या म्हणायचे. दुरुस्त किती केलं ते विचारू नका. उघडलं मात्र सगळं!

आजचं प्रकरण गंभीर होतं. वहिनीची साडेअकराला ड्रायव्हिंगची परीक्षा. आधी दोनदा नापास. सोमवारपासून नवी नोकरी, प्रयोगशाळेत, पहाटे पाचची पाळी. त्या वेळी बस नाही, रिक्षा नाही, कुत्रंसुद्धा रस्त्यावर नाही! लायसन्स नाही तर नोकरी नाही, आणि आजची तारीख हुकली की पुढची दोन महिन्यांनी. आणि नेमका कालपासून गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला! दिवा पेटलेली गाडी परीक्षेला चालत नाही, असं फॉर्मवर ठळक अक्षरात छापलेलं.

“मेकॅनिककडे टाकली असती तर?” वहिनी म्हणाली.

“मेकॅनिक? अहो, तो अर्धा दिवस नुसता बॉनेटकडे बघत चहा पितो! हे बघा.” पान्याने खिशातून काडेपेटीएवढी डबी काढली. “स्टिअरिंगखाली सॉकेटात खोचायची. ही गाडीशी बोलते, फोन हिच्याशी बोलतो, आणि काय दुखतंय ते गाडी स्वतः सांगते! दिवासुद्धा फोनवरूनच विझवता येतो.”

“तुमचा दादा आठ वर्षं माझ्याशी बोलतोय, त्याला अजून कळलं नाही काय दुखतंय ते. डबीला कळेल?”

“बघाच तुम्ही!”

तळघरातल्या पार्किंगमध्ये साडेनऊला काम सुरू झालं. डबी खोचली. किल्ली फिरवली. डबीवर निळा दिवा लुकलुकला. फोनवर ब्लूटूथ लावलं, यादी आली आणि यादीत एकच नाव दोनदा!

“दोन का?” वहिनीने विचारलं.

“फोनला आनंद झालाय.”

त्याने खालचं नाव दाबलं. जोडणी झाली नाही. परत दाबलं. नाही. ब्लूटूथ बंद केलं, चालू केलं. डबी काढली, फुंकली, खोचली. फोन बंद केला, चालू केला. डबीला पुन्हा फुंकलं, या वेळी प्रेमाने. नाही म्हणजे नाही! रुसलेल्या पाहुण्यासारखी ती ढिम्म हलेना. पाचाची पंचवीस मिनिटं झाली.

“वरचं दाबून बघा की,” वहिनी म्हणाली.

“तसं नसतं हो ते... त्याला एक पद्धत असते...” म्हणत त्याने वरचं दाबलं, पिन म्हणून एक-दोन-तीन-चार टाकलं आणि टुंग! जोडलं गेलं!

“बघितलंत?” पान्याची छाती दोन इंच फुगली. “सांगत होतो ना! आता ऐका गाडीची व्यथा. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही. इंजिनाचं तापमान नव्वद.”

वहिनीने बॉनेटवर हात ठेवला. “थंडगार आहे हो.”

“वरून! आतून तापलेली असते. काही माणसं नसतात का?”

“आणि हा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेवर कसा? आपलं इंजिन तर चालूच नाही.”

“ते अंदाजे दाखवतं, वहिनी! तुम्ही सिग्नलची पुस्तिका वाचा बरं!”

त्याने फोनवरून दोष पुसून टाकला आणि मुळावरच घाव घालायला बॉनेट उघडलं. तिसऱ्या प्लगची वायर उपटली, पाना लावला, करकचून फिरवला, प्लग बाहेर काढला, ऐटीत फुंकला आणि तो हातातून निसटला! टण! एकदा जमिनीवर. टण! एकदा भिंतीवर. मग गोल गोल फिरत, कसलीच घाई नसल्यासारखा, भिंतीलगतच्या गटाराच्या जाळीतून आत. डुबुक!

दोघंही जाळीकडे बघत राहिले.

“भावजी,” वहिनी फार हळू आवाजात म्हणाली, “दुसरा आहे ना?”

“अं... दुकान अकराला उघडतं.”

“परीक्षा साडेअकराला आहे. केंद्र चाळीस मिनिटांवर आहे.”

पान्याला घाम फुटला. तरी हातातल्या फोनवर आकडे दिमाखात नाचतच होते. आठशे. आठशे दहा. आणि तेवढ्यात मधल्या भिंतीपलीकडे कुणीतरी गाडी रेस केली. घुर्रर्र! फोनवरचा काटा टुणकन दोन हजारावर!

वहिनीने काट्याकडे बघितलं. भिंतीकडे बघितलं. पलीकडचा आवाज उतरला, काटा उतरला. परत घुर्रर्र! परत काटा वर!

“भावजी, ही आपली गाडी नाहीये!”

“काहीतरीच काय! चावी आपलीच आहे!”

“अहो, फोनमधली! हा फोन भिंतीपलीकडच्या गाडीशी गप्पा मारतोय!”

पान्याचा चेहरा असा झाला, जणू लग्नाच्या हॉलमध्ये पोटभर जेवल्यावर कळावं, आपल्याला बोलावलेलं लग्न शेजारच्या हॉलमध्ये होतं!

भिंतीपलीकडे राहायची निवृत्त हेडमास्तरांची गाडी. मास्तर आणि पान्या यांच्यात तीन महिने अबोला. पान्याने गाडी धुताना पाइप असा फिरवला होता, की मास्तरांच्या गाडीच्या उघड्या खिडकीतून आतली सीट आणि सीटवरचे मास्तर दोघंही न्हाऊन निघाले! तेव्हापासून लिफ्टमध्येसुद्धा एक वर बघायचा, एक खाली.

दोघं भिंतीला वळसा घालून गेले. मास्तर गाडीत बसलेले, चष्मा कपाळावर, एका हातात फोन, आणि स्टिअरिंगखाली लुकलुकणारी तशीच निळी डबी!

“सर, तुमच्याकडेही?” पान्याच्या तोंडून निघून गेलं.

मास्तर दचकले. अबोला क्षणभर विसरले. “सोसायटीच्या ग्रुपवर तूच दीड पान स्तुती लिहिली होतीस ना! मला वाटलं, या गाढवाला जमतं तर मला का जमू नये? अर्धा तास बसलोय! गाडी थरथरतेय म्हणून तपासायला घेतली, तर हा फोन म्हणतो इंजिन बंद आहे! अरे, मी इंजिन चालू करून बसलोय! आणि म्हणतो, पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल आहे. सात वेळा आवळलं! आता घट्ट झालंय की उघडेल का नाही देव जाणे! शेवटी कंटाळून तो दोष पुसून टाकला.”

“कधी पुसलात?” वहिनीने घाईने विचारलं.

“आत्ताच. का?”

ती धावत परत गेली. आपल्या गाडीचं पेट्रोलचं झाकण धरलं. डुगडुगत होतं! परवा पान्यानेच पेट्रोल भरून आणलं होतं. तिने ते आवळलं. एवढाच आजार. आणि दिवा तर मास्तरांनी भिंतीपलीकडून विझवूनही टाकलेला! गाडी ठणठणीत बरी होती. फक्त तिचा एक प्लग गटारात होता.

पान्या मास्तरांना समजावत होता, “म्हणजे सर, तुमच्या फोनने आमची डबी आधीच धरून ठेवली होती, म्हणून ती मला लागत नव्हती. मग मी तुमची धरली...”

“म्हणजे तुझ्या गाडीचं दुखणं मी वाचलं आणि माझ्या गाडीचं तू?”

“हो.”

“आणि माझ्या गाडीच्या दुखण्यासाठी तू आपल्या गाडीचं पोट फाडलंस?”

“...हो.”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत असा विद्यार्थी त्यांना मिळाला नव्हता, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

वहिनी परत आली. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. “सर, साडेअकराला माझी परीक्षा आहे. सोमवारी नोकरी सुरू होतेय. तुमच्याकडे मागायला तोंड नाही, पण...”

“यात तुझं काय चुकलं, बाळ?” मास्तरांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि स्वतः शेजारच्या सीटवर सरकले. “चल, मी बसतो बरोबर. माझ्या गाडीचा दिवाही या गाढवाने विझवलाय, पण थरथरेल हं. घट्ट धर.”

गाडी गेली. दात वाजल्यासारखी खडखडत, पण गेली!

पान्या उरला एकटा. आता निदान प्लग तरी काढावा म्हणून तो जमिनीवर पालथा पडला, जाळीच्या फटीतून हात घातला. मनगट गेलं. कोपर गेलं. बोटांना प्लग लागला! त्याने मूठ आवळली आणि हात वर ओढला. येईना. तिरका केला. येईना! फोन गाडीच्या टपावर. तळघरात चिटपाखरू नाही.

दीडला दिव्यांचा झोत अंगावर आला. मास्तरांची गाडी खडखडत वळली आणि पान्याचे पाय पसरलेले नेमके तिच्या वाटेवर!

“थांबा! थांबा! थांबा!”

गाडी त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थांबली. झटका नाही, हिसका नाही. लोण्यात सुरी थांबावी तशी! काच खाली आली.

“वहिनी... पास?”

“परीक्षक म्हणाले, ही असली गाडी तक्रारीचा एक शब्द न काढता नऊ किलोमीटर चालवलीत, तुम्हाला अडवणारा मी कोण!” वहिनीचा चेहरा फुलला होता. “त्यांनी मला सगळं करायला लावलं, भावजी. चढावर गाडी थांबवली, अरुंद जागेत मागे घेतली. पण वाटेत आडवा झोपलेला माणूस नव्हता हो परीक्षेत. जरा पाय आवरता?”

“आवरतो! पण हात अडकलाय!”

मास्तर उतरले. वाकून बघितलं. थोडा विचार केला. मग शाळेतल्या आवाजात म्हणाले, “मूठ सोड, गाढवा!”

पान्याने मूठ सोडली. हात सुटला.

डुबुक!