सूचना क्रमांक चार

चर्चची मंडळी दमली आहे, हे पाळकसाहेबांच्या लक्षात आलं तेव्हा खरं तर त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण कमिटीच्या बैठकीत ते बोलून गेले, "एक शनिवार सगळं बंद ठेवू या. कार्यक्रम नको, भाषण नको. नुसतं प्रभूजवळ शांत बसू." हे ऐकताच चिटणीसबाईंनी वही उघडली आणि विसाव्याच्या दिवसासाठी उपसमिती नेमली.

उपसमितीच्या सात बैठका झाल्या. सातव्या बैठकीत दोन सभासदांना बसल्या जागी डुलकी लागली. दिवसाचा हेतू तेवढा आगाऊ सफल झाला.

चिटणीसबाई म्हणजे चर्चचा कणा. वेदीवरची फुलं, गायकवृंदाचे झगे, रविवारच्या शाळेची हजेरी, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं त्यांच्याकडे. कुणी मदतीला आलं की त्या म्हणायच्या, "राहू द्या हो, मीच करते, पटकन होईल." आणि घरी जाऊन म्हणायच्या, "एक माणूस हात लावेल तर शपथ!" मात्र एक गोष्ट त्यांना आतून डाचत होती. प्रार्थनेला डोळे मिटले की त्यांना पंख्यावरची धूळ दिसायची. वर्षभरात देवाशी धड बोलणंच झालं नव्हतं. या शनिवारी ते करायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी वेळही राखून ठेवला होता, दहा पाच ते दहा वीस.

विसाव्याचे नियम त्यांनी छापून घेतले. एक, मोबाईल दाराशी टोपलीत ठेवावेत. दोन, बोलू नये. तीन, घड्याळ पाहू नये. चार, कुठूनही कसलाही आवाज आला तरी उठू नये, तो मनाचा चंचलपणा समजावा. बाकी सगळं घंटेवर. पहिल्या घंटेला डोळे मिटायचे, दुसरीला उभं राहायचं, तिसरीला मागच्या बागेत जाऊन बसायचं आणि चौथीला परत येऊन चहा.

नियमांची तालीम घरीच झाली. बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. मुळात अबोल माणूस. आठवडाभर बाई त्यांना खुर्चीत मौनाला बसवायच्या आणि स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, दूध उतू गेलं!" बिचारे धावत यायचे.

"नापास!" बाई म्हणायच्या. "सूचना क्रमांक चार काय सांगते?"

"अगं, पण दूध..."

"दूध गेलं तरी चालेल. मौन जाता कामा नये."

शनिवारी सकाळी दहाला सगळे जमले. मोबाईल टोपलीत गेले, त्यात बाईंचा सगळ्यात वर. मौन सुरू झालं आणि बाईंच्या लक्षात आलं की घंटा झग्यांच्या खोलीतच राहिली. ही खोली पहिल्या बाकाला लागून. बाई चवड्यांवर चालत आत गेल्या, घंटा उचलली, आणि वाऱ्याने दार मागे लागलं. त्यांनी आतली मूठ फिरवली. मूठ हातात आली.

ही मूठ सहा महिने खिळखिळी होती. बाईंच्या वहीत ती तेविसाव्या क्रमांकावर होती, 'सुतारदादांना सांगणे'. सुतारदादा मंडळीतलेच. दर रविवारी विचारायचे, "बाई, काही काम?" आणि बाई म्हणायच्या, "सांगते हं, आत्ता अजिबात वेळ नाही."

बाईंनी दार हळूच ठोठावलं. मग जरा जोरात. मग दोन्ही हातांनी. बाहेर साठ माणसं आपापल्या मनाच्या चंचलपणाशी झुंजत स्तब्ध बसून राहिली. कुणीतरी मोठा उसासा टाकला तेवढाच.

खाली वाकून दाराच्या फटीतून पाहिलं तर समोर यजमानांचे बूट. सकाळी बाईंनीच पुसलेले. बाईंनी गाण्यांच्या यादीमागे पेन्सिलीने लिहिलं, 'मी अडकलेय. दार उघडा,' आणि चिठ्ठी बाहेर सरकवली. बूट हलले. चिठ्ठी उचलली गेली. बाईंचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने चिठ्ठी परत आत आली. खाली यजमानांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सूचना क्रमांक चार पाहा.'

"गाढव!" बाई म्हणाल्या. कुणाला ते त्यांनाही कळलं नाही.

आता उरली घंटा. बाईंनी ती जिवाच्या आकांताने वाजवली. बाहेर सामसूम. पुन्हा वाजवली. बाक करकरले, सगळे उभे राहिले. 'आले वाटतं सोडवायला,' म्हणून बाईंनी उत्साहाने तिसऱ्यांदा वाजवली. एकशेवीस पावलं शिस्तीत मागच्या दाराने बागेत निघून गेली. मग बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी चौथी घंटा बदडली. पण ती ऐकायला चर्चमध्ये उरलं होतं कोण?

बाई झग्यांच्या पेटीवर चढल्या आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पाहू लागल्या. बाग दूर, इथून आवाज पोचायचा नाही. आता पाहा कसा गोंधळ उडतो, त्या मनात म्हणाल्या. घंटा नाही, सूचना नाही, मी नाही. पाच मिनिटांत ही माणसं सैरभैर होतील आणि मला शोधत येतील.

पाच मिनिटं गेली. वीस गेली. माणसं सैरभैर झाली नाहीत. कुणी झाडाला टेकलं, कुणी गवतावर आडवं झालं. कायम वाद घालणाऱ्या दोन मावशी शेजारी शेजारी बसल्या आणि एकीने दुसरीच्या खांद्यावर डोकं टेकलं. पाळकसाहेब चपला काढून हिरवळीवर एकटेच चालत होते. यजमान तर तोंडावर टोपी घेऊन चक्क झोपले. बाईंची आठवण कुणालाही झालेली दिसत नव्हती.

बाई पेटीवरून उतरल्या आणि खाली बसल्या. त्यांना रडू कोसळलं. अडकल्याचं नव्हे, आपल्यावाचून सगळं छान चाललंय याचं.

रडून झाल्यावर प्रार्थनेशिवाय करण्यासारखं काही उरलं नाही. त्यांनी हात जोडले. "हे प्रभू, या दिवसाच्या नियोजनाला तुझा आशीर्वाद दे, उद्याच्या फुलांची सोय कर, झग्यांचे काज..." आणि त्या थांबल्या. हे वहीतलंच वाचन चाललं होतं. वही तर बाहेर होती, तरी पाठ होती. बराच वेळ त्या नुसत्या बसून राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "प्रभू, मी फार दमलेय रे." बस्स. पुढे काही सुचलं नाही, आणि नवल म्हणजे पुढे काही लागलंही नाही. पंख्यावर धूळ होती. असू दे, त्यांना वाटलं. झग्यांच्या ढिगाऱ्यावर त्यांनी डोकं टेकलं.

दार उघडलं तेव्हा दीड वाजला होता. दारात चहासाठी बाईंना शोधत आलेले सुतारदादा, मागे पाळकसाहेब आणि त्यांच्या मागे टोपी हातात घेऊन यजमान. बाईंच्या गालावर झग्याच्या बटणाचा गोल ठसा उमटला होता.

"बाई, कमाल केलीत!" पाळकसाहेब भारावून म्हणाले. "तीन घंटा घाईघाईने, आणि मग चौथी नाहीच! धावपळ, धावपळ आणि मग एकदम विसावा. हे तुमच्या वहीत होतं, हे आम्हाला कळलंच नाही. शेवटी पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा आम्ही उठलो."

एरवी बाईंनी हे श्रेय पदरात पाडून घेतलं असतं. पण त्यांनी मूठ पुढे केली. "कसलं नियोजन! मी कोंडली गेले होते. मदतीला बोलावत होते."

मग पाळकसाहेब इतके हसले की त्यांना पेटीवर बसावं लागलं.

"आणि तुम्ही हो?" बाई यजमानांकडे वळल्या. "चिठ्ठी वाचून परत पाठवलीत?"

"मला वाटलं, परीक्षा घेतेयस." यजमान टोपी चाचपत म्हणाले. "निदान चर्चमध्ये तरी नापास व्हायचं नव्हतं मला."

बाईंना हसू आवरेना. "चहा कोणी केला?"

"आम्हीच. जरा गोड झालाय."

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. हे ऐकून यजमानांनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"उद्याच मूठ बसवून टाकतो," सुतारदादा म्हणाले.

"बघा सवडीने," पाळकसाहेब म्हणाले. "एवढी घाई काय आहे?"

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, बाई झगे न्यायला आल्या. हातात एकवीस कामांची यादी होती. खोलीचं दार बंद. बाहेरची मूठ काढून आत नेलेली. बाईंनी दार ठोठावलं. आतून काही आवाज नाही. पुन्हा ठोठावलं. दाराखालच्या फटीतून एक चिठ्ठी सरकत बाहेर आली. अक्षर पाळकसाहेबांचं होतं. 'सूचना क्रमांक चार पाहावी.'

बाई काही वेळ चिठ्ठीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी यादीची घडी घालून पर्समध्ये टाकली, चपला काढल्या आणि पहिल्या बाकावर बसून आपला नंबर लावला.