कुंपणापाशी जुळलेलं रक्त

कुबलांच्या घरात माणसं चार होती आणि रक्त एकच होतं. बंदराच्या धक्क्याला चिकटून वाढणाऱ्या, चांदण्यांची नक्षी असलेल्या त्या मऊ समुद्रजीवांचं असतं तसंच. प्रत्येकाचं तोंड वेगळं, रक्तवाहिन्या मात्र सामाईक. कुबलांच्या रक्तवाहिन्या घराच्या भिंतींतून फिरून परसात कुंपणापाशी संपत.

आषाढात हेमांगीचे सासरे अंथरुणाला खिळले आणि सगळ्यांचंच रक्त पातळ पडलं. नवरा नीलकंठ होडीवर जाईना. हेमांगीचे हात गार पडत, आणि तिला सहावा महिना होता.

शेजारी इंदूकाकी तारी एकट्याच उरल्या होत्या. माझं रक्त तुमच्याशी जोडून घ्या, असा निरोप त्यांनीच धाडला.

पंचायतीने सामंत नावाचे रक्तनिरीक्षक पाठवले. त्यांनी चहा घेऊन समजावलं की, कुंपणापाशी दोन्ही घरांच्या वाहिन्यांचं टोकाला टोक लावायचं. रक्तातली एखादी जरी खूण जुळली तर रक्त एक होईल. नाही जुळली तर काळी रेघ उमटेल, दोन्ही घरांना ताप भरेल आणि अशक्त माणूस त्यातून उठेलच असं नाही. सासूने आतल्या खाटेकडे पाहिलं आणि होकार दिला.

सकाळी टोकं लावली. दुपारी सांध्यावर काळसर ठिपका आला. कुणी जेवलं नाही. हेमांगीने पोटावर हात ठेवला तो काढलाच नाही. सामंत वाकून बघत होते. मग ठिपका लांबला, विरला, आणि काकींचं ऊबदार रक्त तिच्या बोटांपर्यंत येऊन पोचलं.

"जुळलं," सामंत म्हणाले. "आता लहान घर, म्हणजे काकींचं, विरघळेल. मात्र यापुढे जन्मणारी मुलं कुठल्या घरची असतील, याची हमी नाही."

"हे आधी का नाही सांगितलंत?" हेमांगीने विचारलं.

"नियमात जोडल्यावरच सांगायचं आहे."

कुंपणापलीकडून काकी हळूच म्हणाल्या, "माका ठावक होता, बाय."

हेमांगी त्यांच्याशी बोलली नाही. पण काकी पायांपासून विरघळू लागल्या तेव्हा रोज पेज भरवायला तीच जाई. शेवटच्या दिवशी चमचा धरायला ओठ उरले नव्हते. तोवर सासरे उठून ओटीवर बसू लागले होते.

आश्विनात मुलगी झाली. सासूने तिला उजेडात नेऊन नीट निरखलं.

"तारींची आसा," ती म्हणाली, आणि पाणी तापवायला गेली.

बाळाला भूक लागली. घरातल्या सगळ्यांनाच लागली. हेमांगीने तिला पदराखाली घेतलं, आणि ओटीवर सासऱ्यांनी समाधानाने डोळे मिटले.