हिंदुरावाचा लॅपटॉप आन् गुळाचा चहा

एका जंगलात, लई आत, जिथं रस्ता बी जायचा कंटाळा करतो, तिथं हिंदुराव नावाचा एक रानडुक्कर राहत व्हता. बसा नीट पोरांनो. ज्याला चुळबुळ करायची त्यानं भाईर जाऊन करावी.

तर ह्या हिंदुरावाच्या घरात एक लॅपटॉप व्हता.

त्याचा न्हवं. समद्या जंगलाचा. सहलीला आलेली माणसं एका दगडावर विसरून गेली व्हती. कुणाला त्यातलं काय कळत न्हवतं. पण झाकण उघडलं की उजेड पडायचा, आन् उजेड पडला की समदे हात जोडायचे. दोन कोंबड्यांचं भांडण आलं तरी कोल्हा कारभारी म्हणायचा, "थांबा, लॅपटॉपमधी बघून सांगतो." आत डोकं घालायचा, आन् मनाला येईल ते सांगायचा. कारभार झकास चालला व्हता.

वाघमहाराजांनी लॅपटॉप हिंदुरावाकडंच का दिला? कारण हिंदुराव लई तापट. त्याच्या घराकडं बघायला बी लोकं भ्यायची.

महाराज म्हणले, "हिंदुराव, यंत्र तू सांभाळायचं. त्याच्या बदल्यात आंब्याखालचं डबकं तुझं. यंत्राला काय झालं तर डबकं गव्याचं."

आता ते डबकं म्हंजी काय सांगू. चिखल कसा, लोण्यावानी. वर सावली. हिंदुराव सकाळी त्यात पडला की दुपारी जेवायलाच उठायचा. आन् गवा लांबनं उभा राहून बघत बसायचा, खांद्यावर टॉवेल टाकून.

दसरा जवळ आला. दसऱ्याला महाराज सोता येऊन लॅपटॉपची पूजा करायचे. हिंदुरावाची बायको शेवंता, तिनं अनारशासाठी तांदूळ भिजवले व्हते. महाराज वर्षभर हरणं खायचे, पण दसऱ्याला त्यास्नी अनारसंच लागायचं.

हिंदुराव लॅपटॉप पुसत बसला व्हता. शेजारी गुळाचा चहा. तेवढ्यात भिकाजी माकड आला.

भिकाजी शहरात जाऊन आलेला. तिथं एका मोबाइलच्या दुकानाच्या पत्र्यावर बसायचा. पत्र्याखाली काय चालतं ते त्याला दिसायचं न्हाई, पण तेवढ्यावरच तो जंगलात मोठा यंत्रवाला झाला व्हता.

भिकाजी म्हणला, "हिंदुराव, लोकं म्हणत्यात तुम्हाला राग लई लवकर येतो."

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हणत्यात."

"मला राग येत न्हाई," हिंदुराव म्हणला.

"बघा, आलाच की."

"न्हाई म्हणलं ना," असं म्हणून हिंदुरावानं पाटावर जे थोबाड आपटलं, तो चहाचा पेला उडाला आन् समदा चहा लॅपटॉपच्या बटनांत गेला. आतनं चुर्र आवाज आला. उजेड गेला.

हिंदुरावानं झाकण लावून परत उघडलं. भिकाजी दाराकडं सरकला.

मग हिंदुराव बारक्या आवाजात म्हणला, "शेवंते, डबकं गेलं."

शेवंता भाईर आली. बघितलं. "अवं, चहा प्यायचा असतो. यंत्राला पाजायचा नसतो."

"मी पाजला का? ह्या माकडानं मला राग आणला."

"पण तुम्हाला तर राग येत न्हाई," भिकाजी म्हणला, आन् उडी मारून आंब्यावर जाऊन बसला. वरनं म्हणला, "घाबरू नका. मला उपाय ठावं हाय. शहरात भिजलेलं यंत्र तांदळात घालत्यात. तांदूळ पाणी वढून घेतो."

आता तांदूळ म्हणल्यावर हिंदुरावाला घरात एकच तांदूळ दिसला. शेवंतानं पाण्यात घातलेला, अनारशाचा. त्यानं धावत जाऊन लॅपटॉप त्या भगुल्यात पार तळाला दाबला आन् वर झाकण ठेवलं.

शेवंता कपाळाला हात लावून म्हणली, "अवं, ते तांदूळ पाण्यात हायती."

"मग काय झालं? तांदूळ हाय ना? तांदूळच म्हणला ना तो?"

आंब्यावरनं भिकाजी म्हणला, "मी वला का कोरडा ते सांगितलं न्हवतं. पत्र्यावरनं तेवढं दिसत न्हाई."

हिंदुरावानं आंब्याला धडक दिली. भिकाजी पडला न्हाई, दोन कैऱ्या पडल्या. दसऱ्याला कैऱ्या कुठनं आल्या म्हणून इचारू नका. जंगल हाय ते.

शेवंतानं लॅपटॉप भाईर काढला. बटनांत तांदळाचं दाणं अडकलेलं. ते काढता काढता तिचा गुळाचा हात लागला, कारण ती तवर गूळ किसत व्हती. मग लॅपटॉप उन्हात ठेवला. हिंदुराव त्याच्यावर फुंकर घालत बसला. त्याची फुंकर म्हंजी निम्मी थुंकीच. जेवढं वाळायचं तेवढंच परत भिजायचं.

दसऱ्याच्या सकाळी बी लॅपटॉप बंद तो बंदच. हिंदुराव डबक्यापाशी गेला. आत पडला न्हाई. नुसता काठावर बसून चिखलाकडं बघत राहिला. पलीकडं गवा आलेला. आज टॉवेलासंगं साबण बी आणला व्हता.

"काय घाई न्हाई," गवा म्हणला. "तुमचं होऊ द्या निवांत."

तेवढ्यात डरकाळी झाली. महाराज आले. मागं कोल्हा कारभारी, हळदीकुंकू, झेंडूच्या माळा आन् पाण्याची कळशी.

हिंदुराव धावत घरला आला. एवढा तापट गडी, पण आज त्याला राग येईना. पाटावर लॅपटॉप ठेवला. महाराज पुढं आले आन् झाकण उघडलं.

आता नीट ऐका. लॅपटॉपमधी काय काय गेलं व्हतं? गुळाचा चहा. वर गुळाचा हात. मग आत कोण जाणार? मुंग्या. रातभर त्यांनी आत बिऱ्हाड केलं व्हतं. झाकण उघडताच लाल मुंग्या भाईर निघाल्या आन् काळ्या काचेवरनं वळी करून चालाय लागल्या. एक वळ, दुसरी वळ, तिसरी वळ.

महाराजांची नजर कमी झालेली. ते डोळे बारीक करून म्हणले, "कारभारी, हे बघा. केवढं लिहून आलंय."

कोल्ह्याला मुंग्या दिसल्या. पण महाराजांना लिहिलेलं दिसतंय म्हणल्यावर त्याला बी लिहिलेलंच दिसलं. तो म्हणला, "व्हय जी. आन् अक्षर किती सुरेख."

"दर साली नुसता उजेड पडायचा. औंदा आपनहून लिहाय लागलं. काय लिहिलंय?"

"तुमचीच स्तुती हाय, महाराज."

"मराठीत का इंग्रजीत?"

"दोन्हीत जी."

महाराजांचं डोळं भरून आलं. "असल्या यंत्राला नुसतं हळदीकुंकू लावून कसं चालंल? आणा ती कळशी. अभिषेकच करतो."

आन् महाराजांनी भरलेली कळशी लॅपटॉपवर वतली. पार तळापातूर.

मुंग्या पाण्यासंगं वाहून गेल्या. काच नुसती काळी राहिली. महाराजांनी एक बटन दाबलं. दुसरं दाबलं. तिसरं बटन नखाला चिकटून भाईरच आलं.

महाराजांनी कोल्ह्याकडं बघितलं. कोल्ह्यानं आभाळाकडं बघितलं.

हिंदुराव तापट व्हता, पण मनानं साधा. त्याला राहवंना. तो पुढं होऊन म्हणला, "महाराज, खरं सांगू का, ते आधीच..."

तेवढ्यात शेवंतानं एक अख्खा अनारसा त्याच्या तोंडात कोंबला. "अवं, परसाद घ्या आधी."

हिंदुराव म्हणला, "उं. उं उं."

महाराजांचा चेहरा पडला. कोल्ह्याच्या कानाला लागून म्हणले, "लई रागावला वाटतं."

"लईच जी. तोंडातनं शब्द फुटंना झालाय."

"आन् हा जंगलभर सांगणार, वाघानं यंत्र बुडवलं म्हणून." महाराज हिंदुरावाजवळ गेले आन् हळूच म्हणले, "हे बघ हिंदुराव, झालं गेलं. आंब्याखालचं डबकं कायमचं तुझं. वढ्याकडंचं बी तुझं. पण ह्यातलं कुठं बोलायचं न्हाई."

"उं," हिंदुराव म्हणला.

"अजून राग गेला न्हाई का? बरं, वरच्या बाजूचं तिसरं बी घे."

गव्यानं टॉवेल उचलला, साबण उचलला आन् घरला गेला.

तवापासनं लॅपटॉप देव्हाऱ्यात हाय. झाकण उघडलं की साप निघतो, असं महाराजांनी दवंडी पिटून सांगितलंय, म्हणून कुणी उघडत न्हाई. कोंबड्यांचं भांडण आलं तर कारभारी बंद झाकणाला कान लावून निकाल देतो. भिकाजी माकडाला यंत्राचा सल्लागार नेमलाय. हिंदुराव आज ह्या डबक्यात, उद्या त्या डबक्यात. कुणी म्हणलं तुम्हाला राग येतो, तर नुसता हसतो.

तात्पर्य: लॅपटॉपवर चहा सांडला तर पुसत बसू नये, वाळवत बसू नये, आन् तांदळाच्या नादाला तर अजिबात लागू नये. गुपचूप झाकण लावावं आन् मोठा साहेब कळशी घेऊन येईस्तोवर दम धरावा. ज्याला खरं बोलायची खोड असंल, त्यानं घरात अनारसे करून ठेवावेत.