साळवे मामांचे उस्ताद

“‘छान’ म्हणू नका बाई, पोरगी बिघडंल.”

बालगृहाच्या व्हरांड्यात पाऊल टाकताच माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. लेकाच्या वाढदिवसाचा केक वाटायला आलेल्या एक बाई हातात चित्र धरून गोऱ्यामोऱ्या झाल्या होत्या. बोलणारे साळवे मामा चटईवर बसून शांतपणे रंग कालवत होते. मीही तोच शब्द म्हणणार होते. तो गिळला.

मी तेव्हा आर्ट थेरपी शिकत होते. आठवड्यातून दोनदा मुलांकडून चित्रं काढून घ्यायची आणि अधीक्षिका मॅडमना अहवाल द्यायचा, एवढं माझं काम. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे चारचौघांत मराठी बोलायची वेळ आली की मी मान डोलावून निभावून नेते. मामांनी चिकलठाण्याच्या कारखान्यांमधून चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या होत्या. ‘सावधान’, ‘हेल्मेट वापरा’, ‘धूम्रपान करू नये’. आता ते इथं फुकट रंग कालवून द्यायला येत. “थेरपी तुमची, रंग माझा,” अशी वाटणी त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकली.

सात वर्षांच्या पोरालाही ते ‘उस्ताद’ म्हणत, वर अहोजाहो करत. “काय उस्ताद, आज काय काम काढलं?” उस्तादांचं नाक गळत असे. मामा ते स्वतःच्या रुमालानं पुसत आणि अदबीनं म्हणत, “हं, बोला.”

चित्रात काय आहे हे विचारायचीही बंदी होती. मी एकदा विचारलं. “डॉक्टरीणबाई, आधी रंग वाळू द्या, मग तपासा,” मामा म्हणाले. मी डॉक्टर नव्हते, पण खुलासा करायचा धीर झाला नाही.

‘छान’ का चालत नाही, ते मला महिन्याभरानं कळलं. पाहुणे आले की मुलं डोंगर, झोपडी आणि सूर्य काढून त्यांना भेट देत. सगळी चित्रं सारखी. “पावण्यांना आवडतं म्हून काढतात,” मामा म्हणाले. “एकानं बी डोंगराखालची झोपडी बघितली नाय.”

डोंगर सोडणारी पहिली मुलगी कोमल. नऊ वर्षांची. आई तिला बसस्टँडच्या बाकावर बसवून ‘आलेच’ म्हणून गेली होती. कोमल वर्षभर तो बाकच काढत राहिली. सुरुवातीला नुसताच बाक. पावसाळा संपता संपता त्यावर एक मुलगी येऊन बसली. दिवाळीनंतर ती उठून उभी राहिली. मामा एवढंच विचारत, “बाकाचा हिरवा ह्योच होता का उस्ताद? नीट बगा.” ती मान हलवेपर्यंत कालवत बसत.

दहा वर्षं पूर्ण झाली आणि कोमलला दुसऱ्या जिल्ह्यातल्या मोठ्या मुलींच्या बालगृहात पाठवायचं ठरलं. तिनं एकच विचारलं, “माझी चित्रं नेऊ का?”

चित्रं फाईलमध्ये होती आणि फाईल कार्यालयाच्या कपाटात. मामा पायातल्या चपला काढून आत गेले. “मामा, नियम मी केलेला नाही,” मॅडम म्हणाल्या. “ती तिच्या केसची नोंद आहे.” मामा दोनदा ‘पण’ म्हणाले आणि बाहेर आले.

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते पायरीवर बसले.

“चाळीस वर्षं रंगवलं. घरी दावायला माझ्या हातची एक पाटी नाय. बायको आजारी होती तवा म्हणली, घरात कायतरी राहू द्या तुमच्या हातचं. म्हणलं, रविवारी करतो.” त्यांनी हातातल्या रंगाच्या बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं. “लई मागत नव्हती हो ती.”

जायच्या सकाळी कोमल पिशवी घेऊन कार्यालयाच्या दाराशी उभी होती. मॅडम कागदांवर सह्या करत होत्या. मी आत गेले. कपाटातून तिची फाईल काढली आणि टेबलावर ठेवली. मॅडमनी वर पाहिलं.

“मॅडम, फाईलला रंगीत झेरॉक्स लावू,” मी म्हणाले. “ही चित्रं कोमलची आहेत. ती घेऊन जाईल.”